कानाशेजारी बघणारे साहेब

साहेब माझ्याशी पहिल्यांदा बोलले तेव्हा मी दोनदा मागे वळून पाहिलं होतं. भोकरदनच्या बाहेर, जाफराबाद रस्त्याला त्यांचं घर. वरची खोली भाड्याने द्यायची आहे असं शाळेतल्या शिपायाने सांगितलं म्हणून मी विचारायला गेले होते. साहेब बाजेवर बसून शेंगा फोडत होते. "या मॅडम," म्हणाले आणि माझ्या उजव्या कानाच्या शेजारी, वीतभर बाहेर, टक लावून बघत राहिले. माझ्यामागे कुणीतरी येऊन उभं राहिलं असणार, असं वाटून मी वळले. मागे नुसती भिंत होती आणि भिंतीला टेकवलेली एक सायकल. पुन्हा त्यांच्याकडे वळले तर नजर तिथंच, म्हणून आणखी एकदा मागे बघून घेतलं.

"अंधाराचं भ्या वाटतं का?" त्यांनी माझ्या कानाला विचारलं.

वाटतं. मला अंधाराची, उंचीची, पालींची, अनोळखी कुत्र्यांची आणि अवेळी वाजलेल्या फोनची भीती वाटते. मी जात्याच भित्री आहे आणि हे आता या वयात लपवण्यातही अर्थ नाही. पण तेव्हा शिक्षिकेची नोकरी नवी होती, गावात बाईमाणसाला एकटीला खोली मिळत नव्हती. "नाही," मी म्हटलं.

"मंग बराबर हाय. माघापासून चैत्रापर्यंत आभाळ साफ असलं की दिवेलागणीनंतर वरच्या खोलीत बत्ती लावायची न्हाई. तास-दोन तास. बाकी बिलकुल काही अट न्हाई."

आतून त्यांच्या पत्नीचा, काकूंचा, आवाज आला. "पोरी, आत्ताच काय तो विचार कर. ह्या माणसाच्या घरात उजेडाला बंदी हाय."

साहेब म्हणजे भूमी अभिलेख खात्यातले निवृत्त भूमापक. तालुक्यात कुणी त्यांचं नाव घेत नसे. 'मोजणीवाले साहेब' एवढंच. सबंध नोकरी त्यांनी दुसऱ्यांच्या शेतांच्या हद्दी मोजण्यात घालवली होती. आमच्याकडे शाळेत भांडणं होतात ती जिभेने होतात. साहेबांनी पाहिलेली भांडणं कुऱ्हाडीची होती. शेजारचा दर वर्षी नांगराच्या एका तासाएवढा, म्हणजे एका सरीएवढा, बांध कोरतो, दहा-पंधरा वर्षांत अख्खा बांध सरकतो, मग कुणीतरी मोजणीचा अर्ज करतो आणि मोजणीच्या दिवशी दोन्हीकडची माणसं काठ्या घेऊन हजर असतात. साहेबांच्या कपाळावर एक पांढरा व्रण होता. एका मोजणीत दगड लागला होता. रुमाल बांधून त्यांनी मोजणी पुरी केली आणि मगच दवाखान्यात गेले, हे मला काकूंनी सांगितलं, तेही कौतुकाने नाही, वैतागाने.

"भ्यायला झालं न्हाई का तुम्हाला?" मी त्यांचीच भाषा वापरून विचारलं होतं.

"कशाला भ्यायचं? दोरी सरळ धरली की आपलं काम झालं. मंग कुणी बी दगड मारू द्या."

सरळपणाचं त्यांना वेडच होतं. कुठलीही वस्तू समोर आली की डावा डोळा मिटायचा, उजव्या हाताचा अंगठा उभा धरायचा आणि अंगठ्याच्या कडेने ती वस्तू तपासायची. भिंतीवरचं कॅलेंडर, वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी, काकूंची रांगोळी, कशालाच माफी नव्हती. मी शाळेला निघाले की जिन्याखालून अंगठा उभा राही. "मॅडम, भांग डावीकडं सरकून राह्यला." मी जिन्यातच उभी राहून, फणी काढून, भांग पुन्हा पाडत असे. रागही यायचा आणि आरशात बघितलं तर तो खरोखरच सरकलेला असायचा.

उजेडाची बंदी होती ती साहेबांच्या दुर्बिणीसाठी, जी त्यांनी निवृत्तीनंतर करवून घेतली होती. आरसा पुण्याहून आणवलेला आणि नळकांडं जालन्याच्या एमआयडीसीत एका फॅब्रिकेशनवाल्याकडून, स्वतः समोर उभं राहून वळवून घेतलेलं. ती दुर्बीण पलंगाखाली गोधडीत गुंडाळून निजलेली असे. रस्त्यावर नवा पांढरा दिवा लागला तेव्हा साहेबांनी खांबाला शिडी लावून त्याच्यावर खताचं रिकामं पोतं बांधलं. नगरपरिषदेच्या माणसाने येऊन ते काढलं. साहेबांनी पुन्हा बांधलं. शेवटी तो माणूस कंटाळला.

बरं, एवढी दुर्बीण, पण चंद्र बघायचा नाही, शनी बघायचा नाही. "ते पोरांना दाखवायचं," म्हणत. साहेब बघायचे ती एकच गोष्ट. सिंह राशीत मघा आणि पूर्वा फाल्गुनी यांच्या मधे, सिंहाच्या पोटाखाली, एक दीर्घिका आहे. पुस्तकात तिला दंडयुक्त सर्पिल दीर्घिका म्हणतात. साहेब तिला 'पट्टीवाली' म्हणत. गच्चीवर खडूने त्यांनी मला ती काढून दाखवली होती. मधे एक झगझगीत ठिपका, ठिपक्यातून आरपार जाणारी एक सरळ पट्टी, तिच्याभोवती कडं आणि त्यातून निघून वळत गेलेले हात.

"आभाळात बघावं ते गोल हाय मॅडम. नाहीतर वाकडं. अशी सरळ चीज थोडी. आपली आकाशगंगा बी पट्टीवालीच म्हणतेत, पण आपुन पडलो तिच्या आत. आपल्याला कशी दिसावी?"

मग शेजारी काढले. पट्टीवालीच्या पूर्वेला एक जाडा शेजारी. त्याच्या थोडं वर एक गोल गरगरीत आणि त्याच्या बगलेला चिकटलेले आणखी दोन. हा सगळा एक समूह, एकमेकांना धरून राहिलेला. साहेबांच्या दृष्टीने ती पाच-सहा खातेदारांची वस्ती होती. "हे सगळे एकमेकांला वढून राह्यले बरं का. पण बांध कुणी कोरत न्हाई. कोरला तरी करोडो सालं लागत्यात. मोजणीचा अर्ज करायला कुणी शिल्लक राहत न्हाई."

त्या गच्चीला कठडा नव्हता. पहिल्यांदा मी वर गेले ती बसून, सरपटत. साहेबांनी माझी दशा बघितली आणि दुसऱ्या दिवशी कडेपासून हातभर आत, चारी बाजूंनी पांढऱ्या फक्कीची रेघ मारली. शेतात हद्दीला मारतात तशी, एका दमात, दोरीशिवाय आणि तरीही दोरी धरल्यासारखी सरळ. "ह्या लायनीच्या आत तुमची हद्द," म्हणाले. त्या रेघेचा मला फार आधार वाटला.

पट्टीवाली मला कित्येक संध्याकाळी दिसली नाही. मी डोळा लावायची, काळोख बघायची आणि "हो हो, छान" म्हणायची. साहेबांना ते लगेच कळायचं.

"तुम्ही तिच्याकडं बघून राह्यल्या. म्हणून दिसत न्हाई. पुसट चीज अशी सरळ बघायची नसती. तिच्या कडेला बघा. कडेला काळोखाकडं. ती आपसूक दिसंल."

आणि एके दिवशी दिसली. मी कडेच्या काळोखाकडे बघत होते आणि शेजारी, ज्या जागी मी बघत नव्हते तिथं, धुरकट काहीतरी होतं. मी नजर वळवली की नाही. पुन्हा कडेला बघितलं की आहे. आपण बघत नसताना जे आपल्याला दिसतं, त्याची भीती लहानपणापासून मनात असतेच. त्यात साहेब शांतपणे सांगत होते की हा उजेड तिथून निघाला त्याला तीन कोटींहून जास्त वर्षं झाली, तेव्हा माणूस नावाचं जनावर नव्हतं. मी दुर्बिणीचा पाय घट्ट धरला. मला एकदम वाटलं, ती आपल्याकडे बघते आहे आणि तीही कडेनेच.

"भ्या वाटलं?" साहेबांनी विचारलं. "वाटू द्या. चला खाली, चा घेऊ."

त्या दिवशी मला त्यांच्या नजरेचंही कोडं उलगडलं. तिरकं बघण्याचा सराव मोडू नये म्हणून ते दिवसाही तसंच बघत. दिवसभर जगाकडे सरळ बघायचं आणि रात्री एकदम तिरकं, हे डोळ्याला जमत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून दुकानदाराच्या खांद्याकडे बघून साखर मागायची, पाहुण्याच्या टोपीकडे बघून ख्यालीखुशाली विचारायची आणि माझ्या कानाशेजारी बघून भांगाची चूक काढायची. गावाने ते कधीच स्वीकारलं होतं. काकूंनीही. मीही हळूहळू मागे वळून बघायचं सोडलं.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. मला शाळेला उशीर झाला होता आणि साहेब स्कूटर काढत होते. "बसा, सोडतो." त्यांच्यामागे बसणं ही माझ्या भित्रेपणाची परीक्षाच असे, कारण ते रस्त्याकडे बघून गाडी चालवत नसत, कडेच्या कपाशीकडे बघून चालवत. त्या दिवशी रस्त्याच्या ऐन मधोमध एक वासरू उभं होतं. लांबून दिसत होतं. मला वाटलं, आता हॉर्न वाजवतील. आता वळवतील. शेवटी मी किंचाळले. ब्रेक लागला, गाडी आडवी झाली आणि वासराची शेपटी माझ्या गुडघ्याला घासून गेली.

"दिसलं होतं मला," साहेब म्हणाले.

"मग थांबला का नाहीत?"

"मधीच आलं ते एकदम."

ते मधेच आलं नव्हतं. ते तिथं केव्हाचं उभं होतं. त्या दिवसापासून मी चालत शाळेत जाऊ लागले.

मग मोरीच्या दाराचं प्रकरण झालं. जुनी चौकट वाळवीने खाल्ली होती, म्हणून मिस्त्रीने नवी बसवली. साहेबांनी अंगठा धरला. "मिस्त्री, मधून पोट निघालंय." मिस्त्रीने चौकट काढून पुन्हा बसवली. पुन्हा अंगठा. पुन्हा पोट. मिस्त्री जुना होता, साहेबांना मानणारा होता. तिसऱ्या दिवशी तो पिशवीतून ओळंबा घेऊन आला आणि त्याने तो चौकटीच्या माथ्यावरून सोडला. मी शाळेला निघाले होते, जिन्याच्या खालच्या पायरीवर होते. काकू चहाचे कप घेऊन आल्या होत्या. दोरी हलायची थांबली. चौकट आणि दोरी यांच्यात वरपासून खालपर्यंत सारखंच बोटभर अंतर होतं, ते मलाही दिसत होतं.

साहेब अंगठ्याआडून बराच वेळ बघत राहिले.

"मिस्त्री," ते म्हणाले, "तुमचा ओळंबा वाकडा हाय."

मिस्त्री हसला. त्याला ती मस्करी वाटली. "साहेब, दोरीच्या खाली एवढं लोखंड लटकून राह्यलं. दोरी वाकडी कशी व्हईल?"

साहेब हसले नाहीत. त्यांनी अंगठा खाली घेतला, स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं आणि आत निघून गेले. काकूंनी चहाचे कप तसेच परत आत नेले. मला त्या क्षणी जी भीती वाटली ती पालीची, कुत्र्याची नव्हती. ज्या माणसाने आयुष्यभर टांगलेल्या दोरीवर विश्वास ठेवला, डोकं फुटलं तरी ठेवला, त्याला ती दोरी वाकडी दिसत होती. घरात काहीतरी शिरलं आहे आणि ते कुठे बसलं आहे हे आम्हाला तिघांनाही कळत नाही, असं वाटत राहिलं.

त्यानंतर अंगठा उभा राहिला नाही. माझा भांग कितीही वाकडा असो, जिन्याखाली कुणी टोकत नसे. पेपर आला की साहेब म्हणत, "वाचा मॅडम, तुमचा उच्चार चांगला हाय." मी मोठ्याने वाचायची. काकू चहात साखर जास्त घालायला लागल्या आणि देवाला रोज काहीतरी बोलायला लागल्या. "दवाखान्यात दाखवू या," असं म्हटलं की साहेब चिडत. "चष्मा नवा हाय. डोळ्याला काही झालं न्हाई. मिस्त्री लोकं काम करायला शिकलीच न्हाईत." मग काकूंनी स्कूटरची किल्ली पिठाच्या डब्यात लपवली. ती हरवली असं सगळे धरून चालले. साहेबांनीही फार शोधली नाही आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

होळी होऊन गेली होती. दिवेलागण झाली, मी ठरल्याप्रमाणे खोलीत अंधार करून बसले होते. वरून हाक आली. "मॅडम, या जरा. जल्दी या." त्या आवाजात असं काही होतं की मी चप्पलही न घालता गेले.

साहेब दुर्बिणीपाशी उभे होते. हात पायजम्याला पुसत होते.

"पट्टी वाकली," ते म्हणाले.

"कसली?"

"पट्टीवालीची पट्टी. मधी वाकली. शेजाऱ्यानं वढली म्हणावं, तर एका सालात असं होत न्हाई. करोडो सालं लागत्यात. मी काय सांगितलं होतं तुम्हाला? करोडो." त्यांनी माझं मनगट धरून मला डोळ्याच्या भिंगापाशी आणलं. "बघा. आन् खरं सांगा."

दोन वर्षांत मला थोडंफार जमायला लागलं होतं. मी कडेच्या काळोखाकडे बघितलं. पट्टीवाली आली. तिच्या पोटातली ती उजळ रेघ आली, केसासारखी बारीक. मला पहिल्यापासून दिसत होती तशीच ती होती. कळायला एक क्षणही लागला नाही, पण मी डोळा उचलला नाही. मी डोळा उचलला की मला बोलावं लागणार होतं. आकाश बिघडलं असतं तर साहेब वाचले असते. आकाश बिघडलं नव्हतं.

"साहेब, सरळ आहे."

"नीट बघा."

"सरळ आहे, साहेब."

ते वाद घालतील असं मला वाटलं होतं. त्यांनी मला बाजूला केलं आणि पुन्हा डोळा लावला. खालच्या घरात काकूंच्या कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी झाली.

"कडेला बघितलं की सरळ दिसती," साहेब हळू म्हणाले. "नजर जराशी मधी आणली की वाकती. पुन्हा कडेला नेली की सरळ." मग सावकाश, कुणाला तरी निकाल समजावून सांगावा तसं म्हणाले, "जी चीज नजरेबरोबर वाकती, तिच्यात खोट नसती."

त्यांनी डाव्या डोळ्यावर तळहात धरला आणि खाली बघितलं. त्या वर्षीची फक्कीची रेघ ताजी होती, अंधारातही पांढरी दिसत होती. ते रेघेवर जाऊन उभे राहिले. आयुष्यभराची सवय, एकदा शंका आली की हद्दीवरून चालत जायचं. पावलापुढे पाऊल ठेवत ते निघाले, एक डोळा झाकलेला, मान खाली. "ही बी मधी खचली," ते स्वतःशी म्हणत होते. "ही बी बाहेर गेली." त्यांची रेघ बाहेर जात होती आणि ते तिच्याबरोबर जात होते. खरी रेघ जागेवर होती. मी त्यांचं एक पाऊल रेघेपलीकडे पडताना बघितलं. मग दुसरं.

मी ओरडले का ते आठवत नाही. जी बाई त्या गच्चीवर सरपटत फिरायची ती धावली, एवढं आठवतं. त्यांच्या सदऱ्याची पाठ माझ्या मुठीत आली, आम्ही दोघं मागे कोसळलो आणि माझं कोपर सोलपटून निघालं. कडा तिथून एका पावलावर होती. खाली दगडी फरशीचं अंगण होतं.

साहेब बसूनच राहिले. त्यांचा हात माझा हात सोडत नव्हता. कपाळ फुटल्यावर रुमाल बांधून काम पुरं करणारा हात.

"मॅडम," ते म्हणाले, "मला भ्या वाटून राह्यलं."

मी म्हटलं, "मलाही." मग आम्ही दोघं बसत बसत, एकेक पायरी सरकत खाली उतरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आम्ही तिघं संभाजीनगरला गेलो. डोळ्यांच्या दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. तिने साहेबांच्या हातात चौकटी चौकटींचा एक कागद दिला, मधोमध एक काळा ठिपका. एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघा आणि रेघा कशा दिसतात ते सांगा, म्हणाली. तसल्या चौकटींच्या कागदावर साहेबांनी आयुष्यभर शेतांचे नकाशे काढले होते. त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला आणि मोजणीचा अहवाल द्यावा तसा दिला. "ठिपक्याच्या खाली जमीन खचली. पश्चिमेचे बांध आत वढले गेलेत. ठिपका सापडत न्हाई."

"सरळ बघताना त्रास कधीपासून होतोय?"

"मी सरळ बघतच न्हवतो."

डॉक्टरला कळेना. काकू पुढे झाल्या. "खरंय बाई. हा माणूस लई सालापासून कुणाकडं सरळ बघत न्हाई. दुर्बिणीसाठी. मला वाटलं, खोड हाय, असू द्या."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होतो, तिथं आत रक्त पाझरतं, मग व्रण होतो, असं तिने समजावलं. कडेचा भाग चांगला राहतो. दुसरं कुणी असतं तर माणसांचे चेहरे पुसट झाल्यावर घाबरून पहिल्या महिन्यातच आलं असतं. साहेबांनी डोळ्याला कडेने बघायची इतकी उत्तम सवय लावली होती की मधलं गेलं तरी त्यांना चुकल्यासारखं वाटलंच नाही. उजव्या डोळ्याचं मधलं गेलेलं परत यायचं नव्हतं. डाव्यात सुरुवात होती. तो धरून ठेवता येईल, पण त्यासाठी इंजेक्शन घ्यावं लागेल.

"कुठं?" साहेबांनी विचारलं.

"डोळ्यात."

"जित्या डोळ्यात?"

ते उठले, दारापर्यंत गेले आणि दाराची चौकट धरून उभे राहिले. काकू मागून गेल्या. त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. "आवो," एवढंच म्हणाल्या, "मला तुमच्या डोळ्याला दिसायचं हाय अजून." साहेब परत येऊन बसले. सुई दिली तेव्हा काकूंचा हात त्यांनी असा आवळला की बांगडी फुटली.

तो चौकटींचा कागद मग स्वयंपाकघराच्या भिंतीवर लागला. रोज सकाळी एक डोळा झाकून त्याच्यासमोर उभं राहायचं. डाव्या डोळ्याने रेघा वाकड्या दिसल्या तर धावत दवाखाना गाठायचा. साहेब उभे राहिले की काकूंची पोळी तव्यावर करपायची, माझा घास तोंडात थांबायचा. साहेब मुद्दाम वेळ लावत नसत. ते एकेक रेघ तपासत. मग म्हणत, "बराबर हाय." आणि घर पुन्हा चालू व्हायचं.

त्याच उन्हाळ्यात काकूंनी गवंडी बोलावून गच्चीला कठडा बांधून घेतला. "आधी कठडा, मंग आभाळ," म्हणाल्या. पुढच्या फाल्गुनात साहेब वर गेले. आम्ही दोघी खाली जिन्यापाशी कान देऊन उभ्या होतो. मग वरून आवाज आला, "दिसली!"

कडेची नजर शाबूत होती ना. तीन कोटी वर्षांपूर्वीचा तो धुरकट उजेड त्यांना पहिल्यासारखाच दिसत होता, त्याचे शेजारीपाजारीसुद्धा.

काकू हसल्या. "बघ पोरी. समोर बसले तर ह्यांच्या उजव्या डोळ्याला माझं तोंड दिसत न्हाई आन् ती दिसती. आता तूच सांग, सवत कोण?" मग त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि तिथंच पायरीवर बसल्या.

माझी बदली झाली. फोन मात्र चालू राहिला. साहेबांनी उचलला की मी आधी विचारायची, "बराबर आहे का?" ते "बराबर हाय" म्हणत आणि मगच आम्ही पुढे बोलत असू. यंदाच्या वर्षी मात्र फोन काकूच उचलायच्या आणि "हां, हाय बरं" असं घाईने म्हणून विषय बदलायच्या.

म्हणून या माघात मी जाऊन आले. दुपार होती. साहेब त्याच बाजेवर बसले होते. फाटक वाजलं तसं त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला क्षणभर आनंदच झाला. वाटलं, डोळा सुधारला.

"कोण हाय?" साहेब म्हणाले.

ते माझ्याकडेच बघत होते आणि त्यांना जिथं मी होते तिथं काहीच नव्हतं. डाव्या डोळ्याचंही मधलं गेलं होतं. मी काहीतरी बोलायला हवं होतं, आवाजावरून त्यांनी ओळखलं असतं. पण भीतीने माझी जीभ उचलत नव्हती. मग त्यांची नजर हलली. माझ्या चेहऱ्यावरून घसरली, गालावरून बाहेर गेली, थोडी मागे आली, चाचपडत माझ्या उजव्या कानाच्या शेजारी वीतभर गेली आणि तिथं थांबली.

"मॅडम!" ते म्हणाले. "अहो, भांग अजून बी वाकडाच."

मी मागे वळून पाहिलं नाही. पिशवी हातात तशीच धरून जागच्या जागी उभी राहिले. हलले असते तर त्यांना मला पुन्हा शोधावं लागलं असतं.